अर्थाला मार्क नाहीत

रविवारी दुपारी आत्याने बोर्डवर क्यू ठेवला, त्याच्या खालच्या घरात आय ठेवला, माझ्या डोळ्यांदेखत वहीत ६२ मार्क लिहिले आणि ती गॅस बंद करायला आत गेली. क्यूच्या उजव्या हाताला माझ्या ‘टॅक्सी’तला शेवटचा आय आधीच बसलेला होता. म्हणजे क्यू-आय आडवा, क्यू-आय उभा, आणि क्यू नेमका तिप्पट मार्कांच्या घरात. त्या टॅक्सीचे मला ११ मिळाले होते. भाडं मी भरलं, बसून गेली आत्या.

“आत्या, क्यू-आय म्हणजे काय गं?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक!” आतून आवाज आला. “अर्थाला मार्क नाहीत.”

मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. एम. ए. आहे, दुसऱ्या वर्गात का होईना. आत्या जुनी मॅट्रिक, वय ७८, आणि तिचं इंग्रजी बोलणं ‘थँक्यू’वर सुरू होऊन ‘थँक्यू’वरच संपतं. नातू शिकायला परदेशी गेला तेव्हा स्क्रॅबलचा खोका आणि दोन अक्षरी शब्दांची एक छापील यादी मागे ठेवून गेला. आत्याने ती यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, दुधाच्या हिशेबाशेजारी. भाजी परतता परतता ती म्हणायची, “एए, एबी, एडी, एई, एजी, एएच, एआय…” पाढ्यांच्या चालीवर. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीला हे काय जड! महिन्याभरात यादी तोंडपाठ झाली. २०१९ च्या कॉलिन्सच्या यादीत असे दोन अक्षरी शब्द १२७ आहेत. त्यांतले मला खात्रीने माहीत असलेले किती, हे मी एकदा मोजायला बसलो होतो आणि चाळिशी ओलांडल्यावर उठलो.

अर्थाशिवाय काम करायची आत्याला सवयच आहे. तिची सगळी नोकरी डाकखात्यात गेली, त्यातली बरीचशी वर्षं पत्रं लावण्यात. आत काय लिहिलंय याच्याशी तिचा संबंध नव्हता. पत्ता लागला की झालं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, वर संस्कृत कवी, याचा तिला अजून अभिमान आहे. “सहा आकड्यांत माणूस सापडायचा,” ती म्हणते. “गाव कुठल्या भाषेतलं, नावाचा अर्थ काय, कोण विचारत बसतो?” स्क्रॅबलमध्ये ती तेच करते. अक्षरं आली, खण पाहिला, टाकली.

माझं तसं होत नाही. ‘क्यू-आय’ म्हटल्यावर मला मोबाइल काढावाच लागतो. उच्चार ‘ची’, चिनी भाषेतला. शरीरात वाहणारी जीवनशक्ती, आपल्याकडे ज्याला प्राण म्हणतात त्याच्या जवळपासचं काहीतरी. मी हे आत्याला चकली खाता खाता सांगितलं. ती म्हणाली, “बरं. तुझी पाळी आहे.”

हा खेळ ज्याने काढला तो आल्फ्रेड मोशर बट्स न्यूयॉर्कचा वास्तुरचनाकार. मंदीत नोकरी गेली, हाताला काम नाही, म्हणून वर्तमानपत्रं पुढ्यात घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला. त्या मोजणीतून ई आले १२, क्यू आणि झेड एकेक. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करत बसला असता. १९४८ साली जेम्स ब्रुनो नावाच्या माणसाने खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं. १९४९ साली त्याने २४०० संच बनवले आणि ४५० डॉलर घालवले. म्हणजे या खेळात सुरुवातीपासून शब्द मुबलक आणि पैसा बेताचा.

बोर्डवर १५ गुणिले १५, एकूण २२५ घरं. नवशिक्याला वाटतं, मोठा शब्द सुचला की जिंकलो. मलाही वाटायचं. मी लांबलचक शब्दासाठी सात सोंगट्या पुढे-मागे करत बसायचो आणि तोवर आत्या माझ्याच शब्दाला खेटून, समांतर, तीन सोंगट्यांत चार शब्द करून मोकळी व्हायची. दगडी भिंत रचताना मोठे दगड सगळ्यांना दिसतात, पण ती उभी राहते फटींत ठोकलेल्या कपच्यांवर. हे दोन अक्षरी शब्द म्हणजे त्या कपच्या.

या कपच्या कुठून कुठून आल्यात ते मात्र बघण्यासारखं आहे. ए-ए म्हणजे खडबडीत, बोचऱ्या दगडाचा लाव्हा. शब्द हवाई बेटांचा, उच्चार ‘आ-आ’. त्यावरून अनवाणी चालून पाहिलं तर उच्चार शिकवावा लागणार नाही. आपला सह्याद्रीही थिजलेल्या लाव्ह्याचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण आपण त्याला काळा पाषाण म्हणून गप्प बसलो. ओ-ई म्हणजे फेरो बेटांजवळची वावटळ. तिथे जाऊन वावटळ अनुभवलेला माणूस मी पाहिलेला नाही, पण हातात नुसते स्वर आले की तिचे उपकार आठवतात. एक्स-यू हे व्हिएतनामचं एके काळचं चिल्लर नाणं, एका डोंगचा शंभरावा भाग. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. या बिचाऱ्याची स्पेलिंगंच चार-पाच: कधी मागे डी लागतो, कधी मध्ये एच घुसतो, कधी झेडच्या जागी एस येतो, आणि सगळी चालतात. आमच्या एका नातेवाइकाच्या नावाचं स्पेलिंग रेशनकार्डावर एक, बँकेत दुसरं, तर त्यांना दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले. त्यांनी झो व्हायला हवं होतं.

इतकी सगळी जगभरची अडगळ घरात घेणाऱ्या या यादीत ‘ओके’ मात्र नव्हता! अख्खी पृथ्वी दिवसातून पन्नास वेळा म्हणते तो शब्द. अमेरिकेच्या यादीत तो २०१८ साली आला, कॉलिन्सच्या यादीत २०१९ साली. तोवर फेरो बेटांची वावटळ चालायची आणि ओके चालायचा नाही. माझ्या मते याला कोशकारांचा हट्ट म्हणतात, पण आत्या म्हणते, “वशिला लागतो रे सगळीकडे.”

तोंडातून नुसते आवाज काढायचेही मार्क मिळतात, हे मात्र आत्याला मनापासून आवडलं. एच-एम म्हणजे आपलं ‘हं’. एस-एच म्हणजे ‘शू’. टी-एस-के म्हणजे जीभ टाळ्याला लावून करतात तो ‘च्च’. “च्च करायचे सात मार्क?” ती म्हणाली. “माझी सासू लखपती झाली असती.” तीन वेळा झेड म्हणजे घोरणं, तेही चालतं. पण खोक्यात झेड एकच, म्हणून उरलेल्या दोन जागी दोन्ही कोऱ्या सोंगट्या खर्चाव्या लागतात आणि मिळतात मार्क दहाच. झोप महागात पडते ती अशी.

आता ए-आय. गेल्या दिवाळीत नातू व्हिडिओ कॉलवर होता आणि ए-आयमुळे कुणाकुणाच्या नोकऱ्या जाणार ते सांगत होता. आत्या म्हणाली, “ए-आय ना? आपल्या यादीत आहे तो.” मी लगेच खुलासा केला, की तो ए-आय निराळा; आद्याक्षरांचे शब्द स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत. यादीतला ए-आय हा दक्षिण अमेरिकेतला तीन नख्यांचा स्लॉथ. झाडाला उलटा लटकतो, सावकाश पानं खातो आणि शौचाला म्हणून आठवड्यातून साधारण एकदाच खाली उतरतो. तिथल्या तुपी लोकांनी त्याला हे नाव दिलं. उच्चार ‘आई’.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही.

“आई? आठवड्यातून एकदा खाली उतरते?”

“हो.”

“दोन पोरं पदरात असताना तिसऱ्या मजल्यावरून पाण्यासाठी दिवसातून चार वेळा उतरायचे मी. कुणी ठेवलं म्हणालास हे नाव?”

त्यानंतर अर्थ सांगताना मी जरा जपून असतो.

पण अर्थाच्या जोरावर आत्याला पकडायची संधी मला एकदा आली. तिने डी-ए-के असा शब्द लावला. डाक. मी ताठ बसलो. म्हटलं, आत्या, हा मराठी शब्द झाला, हिंदी झाला, इंग्रजी नाही. मी चॅलेंज करतो. आमच्या घरचा नियम असा, की चॅलेंज चुकला तर आव्हान देणाऱ्याची पाळी जाते. कोश उघडला. डी-ए-के, आहे. अर्थही दिलेला: टप्प्याटप्प्यावर माणसं आणि घोडे बदलून टपाल वाहून नेण्याची व्यवस्था. माझी पाळी गेली. आत्याने चष्मा लावून तो अर्थ स्वतः वाचला. तिने वाचलेला बहुधा हा पहिलाच अर्थ. “घोडे नव्हते बाबा,” ती म्हणाली. “सायकल होती, तीही खात्याची नाही.”

त्या दिवसापासून तिचं या यादीशी वेगळंच नातं जडलं. आपलं काय काय तिकडे गेलंय, ते ती विचारू लागली आणि मी शोधून देऊ लागलो. कोस गेलाय, के-ओ-एस. तोळा गेलाय. शेर गेलाय, एस-ई-आर होऊन. गूळ गेलाय, पण शेवटी आर लावून, म्हणजे हिंदीच्या वाटेने. ळ काही त्यांना पेलला नाही. पैसे गेलेत, पी-आय-सी-ई अशा वेषात. “वजनंमापं सगळी तिकडे पोचली,” आत्या म्हणाली, “इथे दुकानात मात्र किलो.” हे खरंच आहे. आपण कोस आणि शेर म्हणींपुरते ठेवले. कुठल्यातरी परक्या शहरातला, महाराष्ट्र नकाशावर न दाखवता येणारा माणूस दर आठवड्याला कोस वापरतो, तोही दुप्पट मार्कांच्या घरात. आणि मुंगूस! इंग्रजांचा मुंगूस मराठीतूनच गेलेला आहे. आठ अक्षरी आहे, क्वचितच लागतो, पण यादीत त्याचं एक स्पेलिंग अगदी आपल्या उच्चाराचं, एम-यू-एन-जी पासून सुरू होणारं.

उलट दिशेनेही एकदा मला धडा मिळाला. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, की इंग्रजी नात्यांच्या बाबतीत भिकारी भाषा आहे. काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान, सगळ्यांना एकच अंकल. पोरं खूश होतात, मीही खूश होतो. मग एका डावात माझ्या हाती दोन ई आणि एक एम आला, आणि मी ई-एम-ई लावला. अर्थ पाहिला: मामा. जुन्या इंग्रजीत आईच्या भावाला वेगळा शब्द होता आणि बापाच्या भावाला वेगळा. नंतर फ्रेंचांच्या मागून अंकल आला आणि त्याने दोन्ही हुसकले. त्या अंकलचं मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथेही त्याचा अर्थ आईचा भाऊच. म्हणजे जगातले यच्चयावत अंकल मुळात मामा आहेत. काकाला कुणी वालीच उरला नाही.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “मग आपण हवालदाराला मामा म्हणतो ते बरोबरच आहे.” मला त्या ई-एम-ईचे पाच मार्क मिळाले. वर्गातलं माझं एक हमखास हशा मिळवणारं वाक्य मात्र कायमचं गेलं.

अर्थ कळल्याचा फायदा मला म्हणून असा एकदाच झाला, म्हणजे होता होता राहिला. पुढे यू नसलेले क्यूचे शब्द थोडे. त्यांतला क्यू-ए-एन-ए-टी मला सुचला, कनात. तंबूची नव्हे, जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा. ठोकळे लावले, १४ मार्क लिहिले आणि मला राहवेना. मी आत्याला सांगू लागलो, की आपल्या संभाजीनगरला मलिक अंबरने केलेली नहर-ए-अंबरी याच जातीची, सतराव्या शतकातली; डोंगराच्या पोटातलं पाणी नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलं, पंप नाही, मोट नाही. सहलीत मुलांना पाणचक्की दाखवली तेव्हाची गोष्टही सांगितली. माझं होईपर्यंत आत्याने कनातीच्या टोकाला एस लावून तिचं अनेकवचन केलं होतं आणि त्याच एसवरून खाली आणखी एक शब्द सोडला होता. कनातीचे माझ्यापेक्षा एक मार्क जास्त, खालच्या शब्दाचे वेगळे. मलिक अंबर ऐकायला तिला काहीच हरकत नव्हती.

जगाचा निकाल आत्याच्याच बाजूचा आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच येत नव्हतं. नऊ आठवडे त्याने फ्रेंच शब्दांची यादी डोक्यात भरली, आणि फ्रेंच बोलत जन्म काढलेल्यांना हरवलं. २०२४ साली त्याने स्पॅनिशमध्येही तेच केलं. मी हे आत्याला सांगितलं ते खरं तर कुचकेपणाने. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “नोकरी कुठल्या खात्यात करतो?”

मराठीत हा खेळ का नाही, हा प्रश्नही तिनेच काढला. मग एका सुट्टीत आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापायला घेतल्या. छत्तीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली तर ४३२ तुकडे, तेही जोडाक्षरं सोडून. ते मांडायला सोफा हलवावा लागला असता. मग काना-मात्रा वेगळ्या कापल्या. तर पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. ती कुठल्या घरात ठेवायची यावर आमचं तासभर वाजलं. ळ दहा तुकड्यांवर लिहिला होता, तो कुठल्याही शब्दाच्या सुरुवातीला येईना. शेवटी उकार आणि रफार बाजूला ठेवून डाव सुरू केला आणि आत्याने पहिल्याच पाळीला ‘ऊ’ लावला. एक अक्षर, पूर्ण शब्द, जिवंत प्राणी. मी म्हटलं, एका अक्षराचा शब्द चालत नाही. ती म्हणाली, डोक्यात असतो तेव्हा चालतो की. खेळ तिथेच बंद पडला. पेपरातल्या शब्दकोड्याने एका चौकोनात एक अख्खं अक्षर, काना-मात्रेसकट, बसवून हा प्रश्न कधीच सोडवलाय. आम्ही त्याच्याकडे परतलो. आडवे शब्द ती सोडवते, उभे मी.

तसे इंग्रजी शब्दांचे अर्थ आता आत्याही अधूनमधून विचारते. परवा तिने ओ-आर-टी लावला. मी न विचारता सांगितलं: पानात उरलेलं उष्टं. ती म्हणाली, एवढं नेमकं आहे होय, आणि उठून माझ्या बशीतला अर्धा उरलेला लाडू मला संपवायला लावला. व्हीचा अर्थ मात्र तिने स्वतःच ठरवलाय. अख्ख्या यादीत व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही. तो कुणाशीही जोडी करत नाही. आत्या त्याला रुसलेला व्याही म्हणते, आणि तो तिच्या पट्टीवर आला की पहिल्या संधीला त्याची बोळवण करते. मला ते अजून जमत नाही. मी त्याला चांगलं स्थळ शोधत बसतो.

रविवारचा निकाल: आत्या ३१८, मी २४४. डाव संपला तेव्हा व्ही माझ्याच पट्टीवर होता. त्याचे चार मार्क वजा करून.